कुठे रेंगाळलात?

सिनेमा संपतो, दिवे लागतात. पडद्यावर नावं अजून वर सरकत असतात, खुर्चीखाली गेलेली चप्पल पायाला सापडलेली नसते, तोवर शेजारून प्रश्न येतो, 'कसा वाटला?' आणि उत्तर तयारच असतं. 'बरा आहे.' 'एकदा बघायला हरकत नाही.' 'सेकंड हाफ ताणलाय.' जिना उतरेपर्यंत निकाल लागतो आणि पार्किंगमध्ये पोचेपर्यंत जेवायचं कुठे, यावर गाडी आलेली असते.

माझ्या आजीला सिनेमाबद्दल मत देणं ठाऊक नव्हतं. ती सिनेमा सांगायची. प्रभातचा 'संत तुकाराम' आला १९३६ साली. तिनं तो पुष्कळ उशिरा, जत्रेतल्या तंबूत बायकांच्या बाजूला बसून पाहिला. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला होता, पण ते तिच्या गावीही नव्हतं. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम ती दोन वाक्यांत उरकायची. 'तो काय, देवमाणूसच!' मग यायची गौरीनं रंगवलेली जिजाई. पोर आजारी, घरात दमडी नाही आणि ही बाई पायताण घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला निघालेली. इथे आजीचा आवाज चढायचा, पदर खोचला जायचा. शेवटच्या विमानाचं अप्रूप आम्हा पोरांना. तुकोबा वैकुंठाला निघाले तरी आजी मात्र मागे राहिलेल्या जिजाईपाशीच थांबलेली असायची. 'मग संसार कुणी बघायचा?' असं ती आम्हालाच विचारायची.

तिचं मत ते हेच होतं. चांगला, वाईट यांतला एकही शब्द न उच्चारता तिनं ते सांगून टाकलेलं असायचं. सिनेमा सांगताना माणूस कुठे घाईनं पुढे जातो आणि कुठे रेंगाळतो, तिथे त्याचं मत असतं. बहुतेक वेळा तिथे तो स्वतःही असतो.

म्हणून हल्ली मी पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलताना लोकांच्या शेऱ्यांकडे फारसं लक्ष देत नाही, ते कुठला प्रसंग काढतात याकडे कान लावतो. नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' २०१४च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्यावर बोलताना कुणी जब्या आणि शालूच्या कोवळ्या ओढीवर थांबतं, कुणी शेवटच्या दगडावर. तो जब्यानं भिरकावलेला आणि थेट आपल्या अंगावर येणारा दगड. माझा एक सहकारी मात्र या दोन्हींकडे वळतच नाही. जब्याच्या घरचे ज्याच्यामागे धावतायत ते डुक्कर अगदी हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, तेवढाच प्रसंग तो सांगतो. आधी सांगताना हसतो. मग हसू थांबतं आणि तो एकदम ऑफिसातलं काहीतरी काढतो. त्याचं लहानपण कसं गेलं हे त्यानं कधी सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

अलीकडे मावशीला घेऊन रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहायला गेलो. २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी तो आपल्याकडे लागला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, तिथला त्याचा बालमित्र बाळ्या आणि त्या दोघांमध्ये हळूहळू उमलत जाणारं प्रेम. मावशीला हे कसं पेलेल याची मला धास्ती होती. रिक्षात बसल्यावर ती बोलू लागली ती सुतकाबद्दल. त्यांच्याकडे काय पाळतात, आपल्याकडे काय चालत नाही, चुलीपाशी कोण बसतं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, 'त्या आईला सगळं ठाऊक होतं, बघ.' नातेवाईक लग्नाचा विषय काढून भंडावत असताना ती माउली लेकाच्या बाजूनं कशी उभी राहते, ते मग तिनं घर येईपर्यंत पुन्हापुन्हा सांगितलं. दोन पुरुषांच्या प्रेमावर तिचं काय म्हणणं आहे हे तिला विचारलं असतं, तर ती गप्प बसली असती. आईच्या वाटेनं ती स्वतःहून तिथवर पोचली होती. पाचांपैकी किती तारे, या प्रश्नात हा रस्ता मावत नाही.

आणि कुठे रेंगाळायचं यावरून जुंपते, ती गंमत वेगळीच. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'वरून माझं एका वकील मित्राशी वर्षानुवर्षं वाजतंय. लोकशाहीर नारायण कांबळे पुन्हा आत गेलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं, दालनातले दिवे मालवतात, पडदा काळा होतो. मित्र म्हणतो, सिनेमा इथेच संपला. कोर्टाला सुट्टी लागते म्हणजे आतल्या माणसाचं काय होतं, हे त्यानं अशिलांच्या घरच्यांना तोंडानं सांगितलेलं आहे. त्याला त्या काळोखापुढे काही नको असतं. मी म्हणतो, पुढची सहल हाच तर सिनेमा आहे. बाकावर डुलक्या घेणारे न्यायाधीश, त्यांना दचकवायला ओरडणारी पोरं, एकाच्या गालावर बसलेली थप्पड आणि पुन्हा मिटलेले डोळे. माझे वडील कडक होते आणि कुणाचा राग कुणावर निघतो हे मी घरात पाहिलंय. मित्राला कोठडीतला माणूस दिसत राहतो, मला ते पोर.

दोघांचंही एकमेकांना 'तुला सिनेमा कळत नाही' म्हणून झालेलं आहे. तरी कुठलाही नवा चित्रपट लागला की पहिला फोन त्यालाच करतो. ज्याच्याशी लगेच एकमत होतं, त्याच्याबरोबर सिनेमा पाहून मी एकट्यानं पाहिला असता तेवढाच पाहतो.