घायपाताच्या माहेरी

आपल्या बांधावरील घायपाताचे माहेर मेक्सिको देश होय. तेथील तेवाकान-क्विकात्लान खोऱ्यात (२०१८ पासून जागतिक वारसा) खांबासारख्या उंच निवडुंगांच्या रानात आम्ही त्याचे भाऊबंद पाहिले. हे झाड वर्षानुवर्षे अंगी रस साठविते, आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलते आणि मरते. रात्री वटवाघळे मध प्यावयास येतात व पराग फुलोफुली नेतात. परंतु मेझ्काल नामक मद्यासाठी पुष्कळ झाडे फुलण्यापूर्वीच तोडितात. मग ना वटवाघळांस अन्न, ना झाडास बीज! एका फुललेल्या दांड्याखाली आम्ही बराच वेळ उभे होतो. आजवर घायपात म्हणजे केवळ दोरांचा वाख, असे आम्ही समजत आलो, याची तेथे लाज वाटली.