बाई, नाक खोटं बोलतंय का?

आपल्या नगर जिल्ह्यात गळीत हंगाम लागल्याचं कॅलेंडर बघून कळत नाही, नाकालाच कळतं. प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला की रसाचा नि मळीचा गोड-उग्र वास वाऱ्यावर येतो. 2021 च्या हंगामात मला तो आलाच नाही. एप्रिलमध्ये कोरोना झाला आणि वास गेला. एकदा गॅसवर दूध करपत होतं नि मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसलेली! धुरानं डोळे चुरचुरले तेव्हा उठले. दुधाऐवजी गॅसच गळत असता तर?

मग हे प्रकरण नव्यानं वाचलं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या ग्राहींचे सुमारे 400 प्रकार आहेत. (ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) एका प्रकारच्या पेशी नाकात विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचे अक्षतंतू मेंदूतल्या घ्राणकंदात आपापल्या ठरलेल्या गुच्छांतच जातात. एसटी स्टँडवर प्रत्येक गावाच्या गाडीचा फलाट ठरलेला असतो ना, तसंच.

खरी गंमत पुढे आहे. वर्गात मी शिकवते, की संदेश अक्षतंतूकडून पुढच्या पेशीच्या वृक्षिकेकडे जातो, एकाच दिशेनं. घ्राणकंदात मात्र मायट्रल आणि ग्रॅन्युल पेशींची वृक्षिकेला वृक्षिका भिडते आणि संदेश दोन्हीकडे जातो! मायट्रल पेशी ग्रॅन्युलला चेतवते. ग्रॅन्युल उलट तिला आणि तिच्या शेजारणींना गप्प करते. ग्रॅन्युलला अक्षतंतूच नसतो. उंदरात, माकडात, आपल्यात हीच रचना. मिळतेजुळते वास वेगळे ओळखायला तिची मदत होते.

कोरोनाचा विषाणू मुख्यतः चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. नाकातल्या चेतापेशी पुन्हा तयार होतात, पण नव्या तंतूंना आपला फलाट सापडायला हवा. माझा वास परतला तो चुकीचाच. कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी यायची. वर्गात सांगितलं तर एका पोरानं विचारलं, "बाई, नाक खोटं बोलतंय का?" म्हटलं, "नाक नाही रे, बहुधा जोडणी चुकलीय."

मग रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगायला लागले. घरचे हसायचे. पुढच्या हंगामात एका संध्याकाळी मळीचा वास आला. पुसट, पण मळीचाच. कांदा अजून पुरता जमलेला नाही.