भट्टीत जाण्याआधी

‘जुनी चांदी हवीय? मग मॉलमध्ये काय फिरतेस, उल्हासनगरला जा!’ मैत्रिणीचा सल्ला ऐकून शनिवारी बदलापूर लोकल पकडली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी ओळीने तीन स्टेशनं. शेवटच्या स्टेशनला आजी, म्हणजे जेवणाची सोयही पक्की!

फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीत आले. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं, पण पत्त्यातला ‘कॅम्प’ आजही टिकून आहे. कॅम्प २ मधल्या एका दुकानात शिरले. शोकेसमध्ये सगळं नवंकोरं, चकाचक. ‘अंकल, पुराना कुछ?’ त्यांनी काउंटरखालून एक डबा काढला. वाकलेले वाळे, एकटंच जोडवं, लाल खड्याची अंगठी. ‘मोड है बेटा. भट्टी में जाएगा.’

अंगठी मला जाम आवडली. आत ९२५ चा छाप शोधला. नाही! स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं. पण गावच्या सोनाराने घडवलेल्या जुन्या दागिन्यावर छाप क्वचितच असतो. उलट नुसता ९२५ चा ठसा कुणीही मारू शकतं. खात्री हवी तर बीआयएसचं हॉलमार्क बघायचं. चांदीसाठी ते ऐच्छिक आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यात सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. मी ऐटीत पर्समधून लोहचुंबक काढलं, तर अंकल हसले. जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही, आणि त्यात चांदी औषधालाही नसते! मग त्यांनीच भिंगाखाली खडा दाखवला. आत गोल बुडबुडे. म्हणजे काच. अंगठी कसोटीवर घासून, फक्त चांदीच्या वजनाचे पैसे घेतले.

वाटेत अंबरनाथला उतरले. १०६० सालच्या शिवमंदिराच्या भिंतींवरच्या स्त्रिया हार, कंबरपट्टे घालून उभ्या आहेत. त्यांचे दागिने दगडाचे, म्हणून राहिले.

बदलापूरला आजीने अंगठी हातात घेतली. ‘माझे तोडे असेच मोडीत गेले. तुझ्या बाबाची कॉलेजची फी भरायची होती.’

‘किती आले गं?’

‘पैसे नाही आठवत. वीस तोळे भरले होते.’

मग कपाटातून तिने एक पुरचुंडी काढली. काळी पडलेली जोडवी, मासोळ्या. पुढच्या महिन्यात ती मोडून नातसुनेसाठी नवे पैंजण करायचे होते. मी पुरचुंडी सरळ पर्समध्ये टाकली. पैंजणांचे पैसे मी देणार!

तेव्हा खरेदीला निघण्याआधी एकदा आजीचं कपाट उघडून बघा.