‘राजी’ची कैफियत

संगणकावरील खेळ म्हणताच वडील मंडळींच्या कपाळी आठ्या पडतात. आणि ‘राजी’ची बाजू घ्यावी, तर खेळगडीही हसतात. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीने हा खेळ २०२० साली बाहेर काढिला. त्याचे दोष मी झाकीत नाही. वाट ठरलेली, मनास येईल तिकडे भटकता येत नाही. लढाई मध्येच अडखळते, आणि कथा ऐन रंगात आली असता एकाएकी संपते.

तथापि तो मला प्रिय आहे. कसरती करणारी राजी राक्षसांनी पळविलेल्या गोलूस, आपल्या धाकट्या भावास, शोधावयास निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. भीमाशंकरी शिवाने त्रिपुरासुर वधिला व त्याच्या घामापासून भीमा उगम पावली, ही कथा ज्याने आजीच्या तोंडून ऐकिली, त्यास हे जग परके कसे वाटावे? परदेशी खेळांतील राज्ये अफाट खरी. परंतु तेथे मी पाहुणा असतो. माझी धाकटी बहीण तर तेथे नुसती पाहत बसे. ‘राजी’ आला आणि तिने प्रथमच खेळ स्वतःच्या हाती घेतला.

पालकहो, दोष अवश्य मोजा; मात्र त्यापूर्वी घटकाभर मुलांशेजारी बसा, इतकीच विनंती.