कानामागे लावायचा ठिपका

कलपाच्या खोक्यात घडी करून ठेवलेला पातळ कागद बहुतेक घरांत खोक्याबरोबरच कचऱ्यात जातो. सांगलीला माझ्या मामांकडेही तेच व्हायचं. वर्षानुवर्षं ते एकच कलप लावत होते, कधी साधी खाज सुटली नव्हती. या खेपेला मात्र एक दिवस उलटल्यावर कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कपाळाच्या कडेने बारीक फोड आले आणि पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. डोक्याची कातडी जवळपास ठीक होती, त्यामुळे कलपावर कुणाचा संशयच गेला नाही. मामी म्हणाल्या, "रात्री काहीतरी चावलं असणार."

पुण्याला मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी चेहरा पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, कलप कधी लावलात?"

संशय पॅराफिनिलिनडायअमाइनवर, म्हणजे पीपीडीवर होता. बहुतेक पक्क्या काळ्या कलपांत हे रसायन असतं. त्याचे कण लहान असल्यामुळे ते केसात शिरतात, पेरॉक्साइडशी संयोग झाला की रंगीत होऊन आत अडकून बसतात. पण तेच कण कातडीतही शिरतात. तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्यांची ओळख धरून ठेवतात. ही ओळख पहिल्या वापरात पटेल किंवा कितीतरी वर्षांनी, आणि एकदा पटली की सहसा जन्मभर राहते. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2006 साली पीपीडीला 'वर्षाचा ऍलर्जन' ठरवलं होतं.

पॅच टेस्ट लगेच झाली नाही. सूज असताना पाठीवर आणखी रसायन लावणं धोक्याचं, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना खरी ऍलर्जीही दबून जाते. सगळं शांत झाल्यावर, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, मामांच्या पाठीवर लहान चकत्यांची पट्टी चिकटवली. पीपीडीच्या चकतीत व्हॅसलीनमध्ये मिसळलेलं फक्त 1 टक्का रसायन असतं. ज्याला फार तीव्र त्रास झालाय त्याला ते आणखी सौम्य करून किंवा कमी वेळ लावतात. पट्टी 48 तास ठेवायची, पाठ भिजवायची नाही. काढल्यावर एकदा तपासायचं आणि पुन्हा दोन दिवसांनी. मामांची पीपीडीची जागा पट्टी काढताना नुसती गुलाबी होती. दुसऱ्या तपासणीला तिथे फोड होते.

या चाचणीने क्वचित डाग राहतो, जोराची प्रतिक्रियाही येऊ शकते. म्हणूनच ती तज्ज्ञांच्या नजरेखाली होते, आणि तशी झाली तर ती भरवशाची आहे असं मी कुणालाही सांगेन. घरच्या चाचणीचं तसं नाही.

मामांनी विचारलं, "मग तो कागद वाचून कानामागे लावून बघितलं असतं तर?"

कदाचित वाचले असते. पीपीडी असलेल्या कलपाबरोबर द्यायच्या सूचनेचा मजकूर भारतात नियमानेच ठरलेला आहे: तयार केलेला कलप कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावायचा, 24 तासांनी धुवून पाहायचं, आणि हे दर वापराआधी करायचं. मला हे 24 तास खटकतात. मामांच्या पाठीवर फोड दुसऱ्या तपासणीला उठले होते. ज्याची प्रतिक्रिया उशिरा उठते, तो एका दिवसात स्वच्छ कान बघून निर्धास्त होणार आणि डोकं भरून कलप लावणार. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने 2007 मध्येच इशारा दिला होता की घरच्या चाचणीचा निकाल फसवा असू शकतो, आणि चाचणीनेच नव्याने ऍलर्जी जडण्याची शक्यताही आहे. तरीही काहीच न बघण्यापेक्षा ठिपका लावून निदान 48 तास थांबणं मला बरं वाटतं. ज्याला एकदा त्रास झालाय त्याने मात्र घरी ठिपकाही लावू नये, सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

निघताना डॉक्टरबाईंनी मामांच्या हातात यापुढे टाळायच्या गोष्टींची एक यादी ठेवली. काही गडद कापडी रंग, जागा बधिर करणारं बेंझोकेन, आणि ज्यावर मामी थबकल्या ती काळी मेंदी. पानांची मेंदी तांबूसच रंगते. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या कोनात बहुधा पीपीडीच मिसळलेलं असतं. मामींनी तिथूनच लेकीला फोन लावला, कारण नातीच्या मेंदीसाठी तसेच कोन आणून ठेवलेले होते.