आठ वर्षांची मुलगी केवढी असते?



आम्ही कार्यकर्ते दुसऱ्यांच्या दुःखावर तासभर बोलतो, स्वतःच्या दुःखावर मात्र ओठ मिटून बसतो. आज स्वतःबद्दल लिहिते आहे. माझ्यासारखे ओझे वाहणाऱ्या आणखी किती बहिणी असतील, म्हणून लिहिते.

माझे गाव इनामगाव, तालुका शिरूर, घोड नदीच्या काठचे. गोष्ट १९८७ सालची. मी आठ वर्षांची होते. आई-वडील आणि आजी कांदे काढायला रोजाने जात. दहा महिन्यांच्या भावाला सांभाळायला मी घरी राही. शाळा बुडे, पण इलाज नव्हता. एके दिवशी सकाळपासून बाळाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आजी निघताना बजावून गेली, "पानी पाजू नगंस, जुलाब वाढत्याल." मी आजीचे ऐकले. बाळ सारखे ओठ चाटत होते. दुपारी त्याचे डोळे खोल गेले. दिवस मावळायच्या आत ते गेले.

त्या रात्री आजीने साऱ्या वस्तीसमोर माझ्याकडे बोट केले. "पांढऱ्या पायाची! हिनंच खाल्लं माझ्या नातवाला!" आई काहीच बोलली नाही. तिलाही तसेच वाटत असणार, असे मी धरून चालले.

पुढे बी.कॉम. झाले, कारकुनाची नोकरी लागली, वस्तीच्या कामात पडले. पण पोटभर जेवायची लाज वाटे. नवी साडी अंगाला टोचे. "ताई लोकांसाठी किती झटतात!" असे लोक म्हणत. मला ठाऊक होते, मी झटत नव्हते. मी दंड भरत होते.

पुढे एका आरोग्य शिबिरात जलसंजीवनीची माहिती मिळाली. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. एवढ्यावर जुलाबाने सुकलेले मूल सावरते. डॉ. दिलीप महालनबिस यांनी १९७१ साली बंगालमध्ये बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत मीठ, साखर व सोड्याचे असेच पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले होते. हे ऐकून माझा घाव भरण्याऐवजी खोल गेला. पाणी न पाजणारी मीच ना!

दोन वर्षांपूर्वी रविवारच्या संस्कार वर्गात मुलांना आपल्या गावाचा इतिहास सांगायला बसले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांचा सचित्र अहवाल १९८८ साली निघाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या लोकांचे लहान मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यांत मुलाला निजवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. सोबत वाडगी नि तोटीची भांडी ठेवत. मेलेले लेकरूसुद्धा घराबाहेर घालवायला त्या आयांचे मन झाले नसेल.

मी चित्र दाखवत होते. कडेवर भाऊ घेऊन बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, त्या बाळांना कोन सांभाळत व्हतं?"

मी तिच्याकडे पाहिले. वय आठ. भावाच्या वजनाने कंबर वाकडी झालेली. तिच्या फ्रॉकला दोन बटणे नव्हती. माझ्या मनात आले, उद्या हिच्या कडेवरचे मूल दगावले तर मी हिला पांढऱ्या पायाची म्हणेन का? उलट जो म्हणेल त्याच्याशी भांडेन. मग माझ्या आत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीशी मी इतकी वर्षे असे का वागले?

शास्त्रज्ञांनी इनामगावच्या त्या मुलांचे दात तपासले. दुधाच्या सुळ्यांवर खड्डे आढळले. दात घडत असतानाच कुपोषण किंवा आजार झाला की अशी खूण उरते. तीन हजार वर्षांनी अभ्यासकांनी उपासमारीची खूण शोधली. कुणाच्या पायगुणाची खूण शोधायला ते गेले नाहीत, कारण पायगुण नावाची गोष्ट नसतेच.

बाबासाहेब आणि रमाईची चार लेकरे गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. रमाईला पांढऱ्या पायाची म्हणायला आपली जीभ रेटेल का? मग आपल्याच लेकीबाळींना म्हणताना ती कशी रेटते?

विहारात आपण मैत्रीभावना करतो. सर्व प्राणिमात्र सुखी होवोत, असे म्हणतो. बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्गात सांगितले आहे की मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करावी. मी ही पहिली पायरी रोज गाळत होते. आता डोळे मिटले की आधी त्या मुलीला म्हणते, "तुझी चूक नव्हती, बाळ. मोठ्यांनी सांगितले ते तू केलेस." काही दिवस ते पटते, काही दिवस पटत नाही. तरी म्हणते.

आजी आता नाही. तिचीही तीन मुले लहानपणीच गेली होती, तिलाही कुणी तरी असेच बोलले असेल. हे कळते, म्हणून तिचा शब्द योग्य ठरत नाही.

गेल्या पावसाळ्यात धीर करून आईशी विषय काढला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्या त्या दिशी कामाव गेले नसते तर? म्या तर सवताला म्हनत आले. तुला कशाला कोन म्हनल?" एका छपराखाली आम्ही दोघी एकच दुःख वेगवेगळे पुरून बसलो होतो.

बहिणींनो, दुखवट्याच्या घरात लहान मुलांना जवळ घ्या. "तुझ्यामुळे झालं नाही," एवढे तरी सांगा. ते वाक्य मला ऐकायला पस्तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

जयभीम. नमो बुद्धाय.