चेंबूरच्या हातभर जागेतली जास्वंद

मैत्रिणींनो, कधी चेंबूरला येणं झालं तर डायमंड गार्डनला चक्कर मारून तशाच परत फिरू नका. टिळकनगर, सहकारनगर, सुभाषनगर अशा हाउसिंग बोर्डाच्या जुन्या वसाहतींतूनही एकदा पायी हिंडा. १९२४ साली इथपर्यंत उतारूंची गाडी आली, हळूहळू आवारं असलेले बंगले उठले, फाळणीनंतर कॅम्पात सिंधी कुटुंबं आली आणि मग ह्या वसाहती. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईच्या वाट्याला खिडकीखाली चार हात जमीन यायची आणि तिथे तुळस, अळू नि जास्वंद ठरलेली!

आता ह्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि जागी टॉवर उभे राहताहेत. घर मोठं मिळतं, लिफ्ट मिळते, ह्याचा आनंद कोणाला नाही? पण खिडकीखालची माती जाते. उरते ती कुंपणाची भिंत आणि मोटारींची रांग ह्यांच्यामधली दीड-दोन फुटांची पट्टी. बिल्डर तिथे आसुपालव लावून मोकळा होतो. झाड सरळसोट खरं, पण त्याची हिरवट फुलं कोणाच्या नजरेलाही पडत नाहीत, मग देवाला काय वाहणार? (त्याला सगळे अशोक म्हणतात, खरा केशरी-लाल फुलांचा अशोक वेगळाच.)

थंड देशांत अशा अरुंद जागेसाठी जास्वंदीचीच एक बहीण लावतात. दक्षिण कोरियाचं ते राष्ट्रीय फूल. तिचा एक प्रकार खांबासारखा उंच वाढतो आणि रुंदीला जेमतेम दोन-तीन फूट होतो. परदेशी असलेल्या लेकीकडे पाहिलात तर मोह होईल, पण तिला थंडीची झोप लागते. आपल्या दमट हवेत तिच्यामागे लागू नये. आपली एकेरी लाल देशी जास्वंद मुळातच उभट वाढते. तिलाच खांबासारखं वळण लावता येतं.

पट्टीत भिंतीपासून फूटभर तरी सोडून रोप लावा. मधला एकच जोमदार कोंब ठेवा आणि बांबूला सुती नाडीने सैल बांधा. सुतळी करकचून आवळू नका, खोडात रुतते. बाजूची फांदी मोटारींकडे धावू लागली की तिचा नुसता शेंडा खुडू नका, त्याने तिला चार फाटे फुटतात. ती थेट खोडापासून काढा. जी ठेवायची ती झाडाच्या आतल्या अंगाला असलेल्या डोळ्याच्या जरा वर कापा, म्हणजे नवा फुटवा बाहेर न पसरता वर जातो. मोठी छाटणी पाऊस सरल्यावर करावी. सोसायटीचा माळी दर महिन्याला कात्री फिरवून झाड गुळगुळीत करत असेल तर त्याला गोडीने थांबवा. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर, ती कापली की नुसता पाला उरतो.

ऊन मात्र चार-पाच तास हवंच. बाल्कनी असेल तर चौदा इंची कुंडी, तळाला भोक, शेणखत. ‘सुफला’ ही आपल्या शेजारच्या ट्रॉम्बेच्या कारखान्याची. तिचा महिन्याला लहान चमचाभर खोडापासून दूर टाकून वर पाणी द्यावं. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की आधी पाण्याची जोरदार धार, मग साबणाचं पातळ पाणी. मुंग्यांची रांग दिसली तर पानांच्या मागे बघाच. कण्हेरही उभी वाढते, पण विषारी असते. मुलं खेळतात तिथे मी तरी सुचवणार नाही.

आणि ज्यांच्या इमारतीला पाडण्याची नोटीस लागली आहे त्यांनी ऐकाच. सामान बांधायच्या गडबडीत जुनी जास्वंद विसरू नका. सासूबाईंनी लावलेलं झाड उपटून नेता येत नाही, फांदी नेता येते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब काडी डोळ्याखाली तिरकी कापा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. दुधाच्या पिशवीला भोकं पाडून त्यात माती-वाळू भरा आणि दोन डोळे आत जातील अशी काडी खोचा. पावसाळ्यात हमखास जगते. एरवी सावलीत ठेवून वर प्लास्टिकची पिशवी घाला. एकीच्या भरवशावर राहू नका, पाच-सहा लावा. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची असली तरी खिडकीच्या ग्रिलमध्ये एवढ्या पिशव्या मावतात. एखादी शेजारणीलाही द्या; आपली गेली तर तिच्याकडून मागता येते.

फुलं लागली की एक युक्ती. दुसऱ्या दिवशी उमलणारी टपोरी कळी संध्याकाळीच तोडून वाटीत ठेवा. सकाळी पूजेच्या वेळेला ती घरात उमललेली असते, आणि पहाटे फिरायला निघालेल्यांच्या हाती लागत नाही!